समुद्राच्या भरवशावरचे किल्ले : उत्तर वेल्समधले सहा दिवस

पहिला दिवस : कॉन्वी

चेस्टरहून निघालेली गाडी उजव्या हाताला समुद्र धरून पळत होती. नदीच्या मुखाशी आल्यावर ती एका लांबलचक लोखंडी पेटीत शिरली. रॉबर्ट स्टीफन्सनचा हा १८४८ सालचा पूल. गाडी पुलावरून जात नाही, त्याच्या पोटातून जाते. अंधार संपला आणि खिडकीत एकदम दगडी भिंत उभी राहिली. मान पूर्ण मागे टाकली तेव्हा कुठे बुरुजाचा माथा दिसला. कॉन्वीला गाडी सांगितल्याशिवाय थांबत नाही, म्हणून गार्डला आधीच सांगून ठेवलं होतं. स्टेशन जुन्या नगरतटाच्या आतच आहे. दोन बॅगा घेऊन उतरलो आणि उतरल्या उतरल्या आम्ही तेराव्या शतकातल्या कोटाच्या आत होतो.

सोबत बाबा. त्यांनी चाळीस वर्षं सह्याद्री पायाखाली घातला आहे. आता वय एकाहत्तर आणि डावा गुडघा कुरकुरतो. तरी इंग्लंडच्या एडवर्ड राजाने बांधलेले वेल्समधले किल्ले पाहायचेच, हे त्यांचं फार जुनं मनात होतं. कुठल्याही किल्ल्यात शिरलं की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: पाणी कुठे, आणि रसद कुठून? दरवाजाचं नक्षीकाम, महालांचे चौथरे, सगळं त्यानंतर. लहानपणी मला या प्रश्नांचा कंटाळा यायचा. या सहा दिवसांत मात्र प्रत्येक किल्ला मला त्या दोन प्रश्नांनीच उलगडला.

आधी थोडा इतिहास सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. उत्तर वेल्समधलं ग्विनेध हे वेल्श राजपुत्रांचं राज्य. ११ डिसेंबर १२८२ला तिथला शेवटचा मोठा राजपुत्र लेवेलिन आप ग्रिफिद मारला गेला. त्याचं मस्तक लंडनला नेलं. पुढच्या वर्षी त्याचा भाऊ दाविदलाही श्रूसबरीत हाल करून मारलं. राज्य संपलं, पण माणसं तिथेच होती आणि ती इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला राजा मानायला तयार नव्हती. मग एडवर्डने त्यांच्याभोवती दगडाचा वेढा घातला. कॉन्वी, कायर्नार्व्हन आणि हार्लेख यांची कामं एकाच वर्षी, १२८३मध्ये सुरू झाली. बारा वर्षांनी बोमॅरिस. बांधकामाची सूत्रं साव्हॉयहून आलेल्या मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज याच्या हाती होती.

कॉन्वीचा किल्ला चार वर्षांत उभा राहिला. आठ भक्कम गोल बुरूज, मधल्या आडव्या भिंतीने झालेले दोन चौक, बाहेर नगराला तट. नगरतटासकट खर्च सुमारे १५,००० पौंड, आणि तेही तेराव्या शतकातले. बाहेरच्या चौकात शिरताच बाबांनी विहीर शोधून काढली. दिवाणखान्याच्या पलीकडे, मधल्या भिंतीच्या अलीकडे, ९१ फूट खोल. कठड्यावर वाकून ते बराच वेळ खाली बघत होते.

"पाणी मिळालं. आता रसद?"

मी त्यांना आतल्या चौकातून पूर्वेच्या टोकाला नेलं. तिथे एक लहानसा आवार आहे, खाली नदीचं पात्र, भरतीच्या वेळी दगडाला पाणी लागतं. राजाची आणि राणीची दालनं याच आतल्या चौकात, आणि नदीवर उतरायची वाटही याच बाजूला. बाहेरचा चौक पडला, सगळं नगर पडलं, तरी राजाला होडीत बसून निघून जाता येईल किंवा धान्य वर घेता येईल.

बाबा थांबले. "म्हणजे गावाचा काही संबंधच नाही," ते म्हणाले.

तेव्हा मला ते वाक्य नुसतं निरीक्षण वाटलं. आपल्याकडचा गड खालच्या गावांवर जगतो. दाणागोटा, ताक-लोणी, सरपण, बातमी, पहाऱ्याची माणसं, सगळं पायथ्याच्या वाड्यांमधून वर चढतं. गाव फितलं तर गड आठ दिवस टिकत नाही. इथे भोवतालची गावं शत्रूच धरलेली आहेत, आणि किल्ल्याची नाळ समुद्राशी जोडलेली आहे. सुरुवातीच्या काळात कॉन्वीत शिबंदी होती अवघी तीस जणांची. त्यांतले पंधरा आडधनुष्यवाले, शिवाय एक पाद्री, एक लोहार, एक सुतार, एक गवंडी. एवढी माणसं हा डोलारा सांभाळायची, कारण एवढी माणसं जगवायला एक गलबत पुरतं.

संध्याकाळी नगरातल्या चौकात गेलो. तिथे कारंज्यावर लेवेलिन थोरल्याचा पुतळा आहे. शेवटच्या लेवेलिनचा हा आजोबा, १२४० साली इथल्याच मठात वारला आणि तिथेच पुरला गेला. एडवर्डने नेमकी त्या मठाची जागा किल्ल्या-नगरासाठी निवडली आणि संन्याशांना मठासकट दरीत काही मैल वर हलवलं. दुसऱ्याच्या पूर्वजाच्या समाधीवर आपला कोट बांधणं म्हणजे काय, हे सांगायला मराठी माणसाला वेगळं भाषांतर लागत नाही.

दुसरा दिवस : नगरतट आणि लानरूस्त

सकाळी तटावरून फिरलो. एकवीस बुरूज, तीन दरवाजे, एकूण लांबी सव्वा किलोमीटरहून थोडी जास्त. बऱ्याच भागात फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, चालता येतं. एका बाजूला घरांच्या परसातली वाळत घातलेली चादर, दुसऱ्या बाजूला मेंढ्यांची कुरणं. दक्षिणेच्या तटाला एके ठिकाणी बाहेर काढलेल्या बारा दगडी शौचकुपांची रांग आहे, अजून शाबूत. या तटाच्या आत घरं मिळाली ती इंग्लंडमधून आणून वसवलेल्या लोकांना. वेल्श माणूस बाहेर.

याच कॉन्वीत १४०१च्या गुड फ्रायडेला एक गोष्ट घडली, ती बाबांना इतकी आवडली की त्यांनी ती मला दोनदा सांगायला लावली. शिबंदी प्रार्थनेसाठी खाली चर्चमध्ये गेलेली. ग्विलिम आणि रीस हे दोघे ट्यूडर भाऊ आपली माणसं घेऊन आले. काहीजण सुतार म्हणून किल्ल्यात शिरले, आतल्या पहारेकऱ्यांना संपवलं आणि दरवाजे लावून घेतले. १५,००० पौंडांचा किल्ला करवत-रंध्याच्या बहाण्याने हातात आला.

दुपारी दरीतून जाणाऱ्या छोट्या गाडीने लानरूस्तला जाऊन आलो. तिथल्या चर्चमध्ये एक दगडी शवपेटी ठेवली आहे. ती लेवेलिन थोरल्याची मानली जाते. झाकण नाही, आत काही नाही. रिकामी, जाड कडांची पेटी. बाबांनी चप्पल-बूट काढायचे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं, मग नुसतेच हात जोडले. चर्चमध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं. परत येऊन बॅगा घेतल्या आणि रात्री बसने कायर्नार्व्हन गाठलं.

तिसरा दिवस : कायर्नार्व्हन

या गावाच्या नावाचा अर्थच 'मोनच्या समोरचा कोट'. मोन म्हणजे सामुद्रधुनीपलीकडचं बेट, इंग्रजीत अँगलसी. कोट हे नाव मात्र एडवर्डच्या किल्ल्याच्या कितीतरी आधीचं आहे. गावाच्या वरच्या अंगाला रोमनांचा सेगोंटियम हा तळ होता, त्याचे पाये आजही दिसतात. आणि त्यावरून वेल्श लोकांची एक जुनी कथा आहे: रोमचा सम्राट माक्सेन स्वप्नात एका नदीच्या मुखाशी येतो, तिथे रंगीबेरंगी मनोऱ्यांचा मोठा किल्ला असतो आणि आत सोन्याच्या आसनावर एक मुलगी बसलेली. जागा झाल्यावर तो तिला शोधत वेल्सपर्यंत येतो.

आता किल्ल्याकडे बघा. नदीच्या काठाने उभं राहिलं की भिंतीत फिक्या दगडात गडद दगडाचे आडवे पट्टे दिसतात. बुरूज गोल नाहीत, अनेक कोनांचे आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण यावी असं हे काम आहे असं जाणकार सांगतात. पश्चिमेच्या मोठ्या बुरुजावर तीन मनोरे आणि त्यांवर दगडी गरुड. एडवर्डला नुसती भिंत नको होती. वेल्श आजी नातवंडांना ज्या स्वप्नातल्या किल्ल्याची गोष्ट सांगायची तोच त्याने दगडात बांधून घेतला आणि वर आपलं निशाण लावलं. मला हे त्याच्या सैन्यापेक्षा जास्त भयंकर वाटलं. राज्य घेतलं तर परत मिळवता येतं, गोष्ट घेतली तर कुठून आणायची?

राजाच्या दरवाज्यात आम्ही जवळजवळ तास घालवला. आराखड्यात इथे एकामागे एक पाच दारं आणि वरून खाली सोडायचे सहा जाळीचे अडसर होते. भिंतीत त्यांच्या खाचा बोटाने चाचपता येतात. डोक्यावरच्या कमानीत भोकं, बाजूला जंग्या, म्हणजे बाण सोडायच्या फटी. बाबांनी पिशवीतून टेप काढून एका खाचेची रुंदी मोजली आणि वहीत लिहिली. दरवाज्यावर दुसऱ्या एडवर्डचा झिजलेला पुतळा बसलेला आहे. तो इथेच २५ एप्रिल १२८४ला जन्मला. कायर्नार्व्हनचं काम सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. म्हणजे गरोदर राणीला परांच्यांच्या आणि चुन्याच्या घाण्यांच्या गराड्यात बाळंतपणासाठी आणलं होतं. 'इंग्रजीचा एक शब्दही न बोलणारा राजपुत्र तुम्हांला देतो' असं म्हणून राजाने तान्हं मूल वेल्श सरदारांपुढे धरलं, ही गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते, पण ती तीनेकशे वर्षांनंतरची. खरी घटना एवढीच की १३०१मध्ये याच मुलाला 'प्रिन्स ऑफ वेल्स' केलं, आणि जी पदवी वेल्श राजपुत्राची होती ती तेव्हापासून इंग्लंडच्या राजाच्या वारसाला जाऊ लागली.

विहीर विहिरीच्या बुरुजातच आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नावातच मिळालं. दुसऱ्याचं उत्तर नदीच्या बाजूला. पण इथे एक फरक आहे. समुद्राकडची बाजू आधी बांधली, गावाकडची बाजू नगरतटाच्या भरवशावर उघडी ठेवली. १२९४मध्ये मदोग आप लेवेलिनचं बंड झालं, बंडखोरांनी नगरतट ओलांडला आणि अर्धवट किल्ल्यात शिरून जाळपोळ केली. त्यानंतर घाईने बांधलेली उत्तरेची भिंत वेगळी ओळखू येते. तिच्यात रंगाचे पट्टे नीट नाहीत. पण जंग्यांची रचना इतकी कसबी आहे की बाहेरून एक फट दिसते आणि आतून दोन-तीन तिरंदाजांना वेगवेगळ्या दिशांना नेम धरता येतो. बाबा एका जंगीशी उभे राहिले, मी दुसऱ्या, आणि दोघांनाही खाली रस्त्यावरून बाबागाडी ढकलत जाणारी एकच बाई दिसली. अंगावर काटा आला. हे सगळं कसब तिच्यावर रोखलेलं होतं.

आतल्या हिरवळीवर पाटीच्या दगडाचा एक गोल चौथरा आहे. १ जुलै १९६९ला तिथे चार्ल्सला 'प्रिन्स ऑफ वेल्स'ची वस्त्रं दिली गेली. १९११मध्येही असाच सोहळा झाला होता, तेव्हा किल्लेदार होते लॉइड जॉर्ज. त्यांनी तेव्हाच्या राजपुत्राला वेल्शमधली काही वाक्यं शिकवली होती. १९६९च्या वेळी चार्ल्स एक सत्र अबेरिस्टविथला राहून वेल्श शिकून आला होता. तरी वेल्समध्ये विरोध मोठा होता. सोहळ्याच्या आदल्या रात्री आबेरगेले गावात हातातला बॉम्ब फुटून दोन तरुण मेले. चौथऱ्यावर पर्यटक फोटो काढत होते. आम्ही नाही काढला.

संध्याकाळी किल्ल्यासमोरच्या 'माएस'वर बसलो. माएस म्हणजे मैदान. शेजारच्या बाकावर शाळेची पोरं, पलीकडे दोन म्हाताऱ्या, चहाच्या दुकानातला मुलगा, सगळे वेल्शच बोलत होते. या गावात दहांतल्या आठांहून जास्त माणसांना वेल्श येतं. वेल्शमध्ये दोन एल जोडून लिहितात, त्या 'डबल एल'चा उच्चार मला जमेना. दुकानातल्या मुलाने शिकवला: जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. मी त्याला बदल्यात 'ळ' शिकवला. त्याला तिसऱ्या प्रयत्नात आला. बाबा खूश झाले. एरवी परमुलखात 'ळ' ऐकायला मिळत नाही.

चौथा दिवस : दोल्बादर्न

पाऊस. सकाळची बस चुकली, दुसरीला पाऊण तास होता, तोवर आडोशाला उभे राहून भिजलो.

लॅनबेरिसला दोन तळ्यांच्या मधल्या उंचवट्यावर एकटा गोल बुरूज उभा आहे. तिकीट नाही, पहारा नाही, ओल्या पायवाटेने चढायचं. हा दोल्बादर्न, लेवेलिन थोरल्याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला. हाही राजाचाच किल्ला, फक्त वेल्श राजाचा. उंची सुमारे १५ मीटर, स्थानिक पाटीचा दगड, वरच्या मजल्याला शिरायला बाहेरून जिना. समोर खिंडीची वाट डोंगरांत शिरते आणि ढगात नाहीशी होते.

इथे बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. बुरुजाला पाठ लावून उभे राहिले, खिंडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा आपल्यातला."

मला लगेच कळलं. हा किल्ला वाट राखायला बसला आहे. डोंगराच्या आतल्या माणसांसाठी आहे, बाहेरून येणाऱ्याला अडवण्यासाठी आहे. समुद्र इथून दिसतही नाही.

अर्थात याचाही इतिहास धुतल्या तांदळासारखा नाही. शेवटच्या लेवेलिनने सख्ख्या थोरल्या भावाला, ओवाइनला, वीसेक वर्षं कैदेत ठेवलं, आणि ती कैद याच बुरुजात असं मानतात. भाऊबंदकीने राज्य आधीच पोखरलं होतं. बाबांनी मान हलवली, बोलले काही नाहीत. आणि एडवर्ड जिंकल्यावर याची लाकडं काढून कायर्नार्व्हनच्या कामाला नेली. काल आम्ही ज्या महालांच्या जोत्यांवरून फिरलो, त्यांतल्या कुठल्यातरी तुळया इथून गेलेल्या.

तळ्यापलीकडचा अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला आहे. ती दिनोर्विकची पाटीच्या दगडाची खाण. १९६९मध्ये बंद पडली, सोहळ्याच्याच उन्हाळ्यात. पावसात ते जांभळट काळे थर चकाकत होते. बुरुजाच्या आतल्या चक्री जिन्यावर आडोसा घेऊन आम्ही डबा खाल्ला आणि पाऊस ओसरायची वाट पाहत बसलो. तो ओसरला नाही.

पाचवा दिवस : बोमॅरिस

बॅंगरमार्गे सामुद्रधुनी ओलांडून बेटावर आलो. वाटेत टेलफर्डचा १८२६ सालचा झुलता पूल दिसला.

बोमॅरिस हा शेवटचा किल्ला, मदोगच्या बंडानंतर १२९५मध्ये काढलेला. नावाचा अर्थ 'सुंदर दलदल'. जमीन सपाट, डोंगराची अडचण नाही, त्यामुळे मास्टर जेम्सला मनासारखी आखणी करता आली. बाहेर पाण्याने भरलेला खंदक, मग सोळा बुरुजांचा बुटका तट, आत त्याहून उंच तट, समोरासमोर दोन प्रचंड दरवाजे. कागदावर दुमड घालून कापल्यासारखी बरोबर जुळणारी बाजू. किल्ल्यांचे अभ्यासक याला सगळ्यांत निर्दोष आराखडा म्हणतात. आणि तो पुरा झाला नाही. बुरूज निम्म्यात थांबले आहेत, त्यामुळे इतका मोठा किल्ला लांबून बसका दिसतो, बसलेल्या जनावरासारखा.

पैसा संपला म्हणून थांबला. १२९६च्या फेब्रुवारीत मास्टर जेम्स आणि त्याच्या सहकाऱ्याने खजिन्याला लिहिलेलं पत्र अजून उपलब्ध आहे. ४०० गवंडी, २,००० मजूर, २०० खाणकामगार, ३० लोहार आणि सुतार, शिवाय १०० गाड्या, ६० मोठे छकडे, ३० होड्या. मजुरी थकली आहे, माणसं टिकेनात, देवासाठी पैसे लवकर धाडा, असं काकुळतीचं लिहिलंय. आणि त्यातच, वेल्श लोक कसे असतात ते तुम्ही जाणताच, असंही. मला या पत्राने हलवलं. एवढ्या थंडीत दोन हजार माणसं या चिखलात उभी होती, पगाराविना. राजांची नावं दगडावर राहतात, या माणसांचा आकडा तेवढा एका तक्रारीच्या पत्रात राहिला. पुढे राजाचं लक्ष आणि पैसा स्कॉटलंडकडे वळला आणि इथली कामं रेंगाळली ती रेंगाळलीच.

दक्षिणेच्या दरवाज्याशी बाबांचा दुसरा प्रश्न अगदी उघड्यावर सुटतो: किल्ल्याला चिकटून गोदी आहे. पूर्वी भरतीला गलबत थेट दाराशी लागायचं. आज गोदीत गवत आणि थोडं साचलेलं पाणी. खंदकात एक हंस फिरत होता आणि बसके बुरूज पाण्यात उलटे दिसत होते.

या किल्ल्यासाठी शेजारचं लानवाएस गाव उठवलं. चांगलं भरभराटीचं बंदर होतं ते. तिथल्या वेल्श लोकांना बेटाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूबरोला नेऊन बसवलं. धरणाखाली गेलेल्या गावांची माणसं मी पाहिली आहेत. 'पुनर्वसन' हा शब्द तेव्हा नव्हता, एवढंच.

लानवाएसलाच लेवेलिन थोरल्याने आपल्या बायकोच्या, सिवानच्या, आठवणीसाठी मठ काढला होता. सिवान म्हणजे इंग्लंडच्या जॉन राजाची मुलगी. नवरा आणि बाप यांच्यात लढाई पेटली तेव्हा तह करायला तीच बापाकडे गेली होती. तिची मानली जाणारी शवपेटी बोमॅरिसच्या चर्चच्या दारातल्या पडवीत आहे. मध्ये कित्येक वर्षं ती घोड्यांना पाणी पाजायची डोण म्हणून वापरली गेली. हीही रिकामी. नवऱ्याची रिकामी पेटी लानरूस्तला, बायकोची इथे, मध्ये सामुद्रधुनी आणि एडवर्डचे दोन किल्ले. बाबांनी परवासारखेच हात जोडले. पाणी कुठे, हे त्यांनी आज विचारलंच नव्हतं. पेटीकडे बघत मात्र ते हळूच म्हणाले, "निदान तहानलेल्याला पाणी तरी दिलं हिने."

सहावा दिवस : हार्लेख

कायर्नार्व्हनहून वाफेची छोटी गाडी निघते ती स्नोडन या वेल्समधल्या सर्वांत उंच डोंगराच्या कुशीतून, बेदगेलर्टवरून पोर्थमादोगला उतरते. चाळीस किलोमीटरला दोन तासांहून जास्त लागतात. वाट अतिशय देखणी आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे ती एक गोष्ट समजावते. हे डोंगर सैन्याला आडवे येणारेच आहेत. एडवर्ड आत शिरून बसण्याच्या फंदात पडला नाही, कडेकडेने समुद्राची टोकं धरली, ती का, हे त्या दोन तासांत खिडकीतून दिसतं.

पोर्थमादोगला मोठी गाडी पकडून अर्ध्या तासाच्या आत हार्लेख. स्टेशनवर उतरून मान वर करायची. कातळ, आणि कातळातूनच उगवल्यासारखा किल्ला. चारही किल्ल्यांत बाबांना हा सर्वांत आवडला, कारण शेवटी एकदाचा डोंगरी किल्ला आला. पण गावात चढणारा तो रस्ता! फोर्द पेन लेख नावाची ही गल्ली २०१९मध्ये जगातली सर्वांत तीव्र उताराची म्हणून नोंदली गेली होती, पुढच्या वर्षी तो मान परत न्यूझीलंडला गेला. गुडघ्याकडे बघून आम्ही लांबचा रस्ता धरला.

दरवाजा पूर्वेला, डोंगराच्या बाजूने, आणि सगळं बळ त्या एका बाजूला एकवटलेलं. आत गेल्यावर किल्ला लहान वाटतो. फांजीवर चढलो की एका बाजूला स्नोडनचे डोंगर, दुसऱ्या बाजूला लांब पसरलेला उपसागर. बाबांनी पश्चिमेच्या तटाशी जाऊन खाली पाहिलं. कातळाच्या अंगाने शंभरावर पायऱ्यांची तटबंद वाट खाली उतरते. तिला 'समुद्रावरून येणारी वाट' म्हणतात. १२९४च्या बंडात चहूकडून वेढा पडला तेव्हा आयर्लंडहून आलेली जहाजं या पायऱ्यांच्या तळाशी लागली आणि मूठभर शिबंदी तगली.

१४०४मध्ये मात्र किल्ला पडला, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या ओवाइन ग्लिनदूरच्या हाती. वेल्सचा राजपुत्र म्हणून त्याने इथे दरबार भरवला, त्याची बायकामुलं इथे राहिली. शत्रूने बांधलेला किल्ला पाच वर्षं वेल्सची राजधानी झाला. १४०९मध्ये तोफांचा मारा सोसून, लांबलेल्या वेढ्यात रसद संपल्यावर किल्ला गेला, त्याच्या बायकोला आणि मुलींना लंडनच्या टॉवरमध्ये टाकलं. ग्लिनदूर निसटला. त्याच्या डोक्यावर इनाम होतं, आणि अखेरपर्यंत कुणीही त्याला धरून दिलं नाही. तो कुठे मेला, कुठे पुरला, हे त्या मातीने आजही सांगितलेलं नाही. हे वाचताना बाबांनी चष्मा काढून पुसला.

किल्ल्याबाहेर घोड्यावरच्या राजाचा एक पुतळा आहे. पुढ्यात भाच्याचं कलेवर घेतलेला बेंदिगेइद्व्रान. जुन्या वेल्श कथेत हा राजा हार्लेखच्या कातळावर बसून समुद्राकडे बघत असतो, आणि त्याला आयर्लंडहून येणारी तेरा जहाजं दिसतात. तेव्हा किल्ला नव्हता. कातळ होता, गोष्ट होती, आणि खाली समुद्र होता.

आता खाली समुद्र नाही. शतकानुशतकं वाळू साठत गेली आणि पाणी मागे हटलं. पायऱ्यांच्या तळाशी रस्ता आहे, घरं आहेत, रेल्वेचा रूळ आहे, पलीकडे गोल्फचं मैदान आणि वाळूच्या टेकड्या, मग दूरवर पाण्याची रेघ.

तिकीटखिडकीवर एक मध्यमवयीन बाई होत्या. या सगळ्या किल्ल्यांची देखभाल वेल्सचं सरकारी खातं करतं, त्याचं नाव 'कॅडू'. त्याचा अर्थ मी त्यांना विचारला. "राखणं," त्या म्हणाल्या. बाबांनी मला मराठीत विचारलं, "विचार त्यांना, तुमच्या लोकांना दाबायला बांधलेला किल्ला, तो तुम्ही का राखता?" विचारायला संकोच वाटला, पण विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, माझे आजोबा याच किल्ल्याच्या भिंती दुरुस्त करायचे, गवंडी होते. आम्ही इतक्या पिढ्या याची डागडुजी केली आहे की आता हा आमचाच. मग शेजारच्या मुलीशी त्या वेल्शमध्ये काहीतरी बोलल्या आणि दोघी हसल्या. तिने आमच्या बाटल्या आत नेऊन पाण्याने भरून आणल्या.

उतरताना बाबांनी हट्टाने ती तीव्र गल्लीच धरली. एक हात माझ्या खांद्यावर, एक भिंतीवर, मध्ये मध्ये थांबत. खाली पोचायला पंचवीस मिनिटं लागली. स्टेशनवर आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि किल्ल्याची सावली रुळांपर्यंत आली होती.

"बरोबर इथे गलबतं लागत असणार," बाबा म्हणाले. फलाटाच्या कडेला जाऊन त्यांनी वर पायऱ्यांकडे पाहिलं, मग बाटलीतलं पाणी प्यायले आणि बाटली माझ्याकडे दिली. भोंग्यातून गाडीची सूचना आली, आधी वेल्शमध्ये.